पूर्वपाऊल

लग्नात फ्लोअर रिकामा पडणं ही गोष्ट आता फक्त जुन्या डीजेंच्या गप्पांत उरली होती. एके काळी 'पानं वाढली' असा पुकारा झाला की निम्मे नाचणारे जिलबीकडे धाव घेत. आता केटररच डीजेच्या हातापाया पडत, "साहेब, दोन गाणी जरा बेकार लावा हो, पुऱ्या गार होतायत!" मावळातल्या श्रीरंग काळोखेच्या फ्लोअरवरून तर नवऱ्या मुलाची आजीसुद्धा खाली बसत नाही, असं लोक म्हणत. श्रीरंगला ते ऐकायला आवडत असे, आणि कुणी म्हणालं नाही तर तो स्वतःच विषय काढी.

या सगळ्याचं मूळ एका चटईत होतं. डॉ. वसुधा केळुसकर या शरीरशास्त्राच्या संशोधक. वृद्धाश्रमातली माणसं तोल जाऊन पडण्याआधीच कळावं, म्हणून त्यांनी जमिनीवर अंथरायची एक चटई तयार केली. पायाखालचा भार कुठे सरकतोय ते टिपणारे हजारो बारीक संवेदक तिच्यात विणलेले होते. ती वापरताना बाईंना भलतंच काही सापडलं. एखाद्या जागेवरून निघायचं असं माणूस ठरवतो, त्याच्या काही सेकंद आधीच त्याचं शरीर निघालेलं असतं. भार टाचेवर सरकतो, एका पायाचा अंगठा दाराकडे वळतो. मनाला याचा पत्ताच नसतो. ते अजून 'काय मजा येतेय' असंच म्हणत असतं. या नकळत पडणाऱ्या पावलाला बाईंनी नाव दिलं पूर्वपाऊल.

म्हातारी माणसं राहिली बाजूला आणि चटई पोचली मांडवात. तिथून दुकानांत, मग क्लासेसमध्ये, जिथे म्हणून माणूस उठून जाऊ नये असं कुणाला वाटे तिथे तिथे. श्रीरंगची भाची ऋजुता आणि तिच्या वयाची सगळी मुलं अशा चटयांवर पाय ठेवतच मोठी झाली होती.

डीजेसमोरच्या पडद्यावर नाचणारा प्रत्येक जण म्हणजे एक हिरवा ठिपका. पूर्वपाऊल पडलं की ठिपका केशरी होई, आणि माणसाला स्वतःचं मन कळायच्या आत डीजेने इलाज करायचा असे. कोपऱ्यातल्या मावश्या केशरी झाल्या तर त्यांच्या कॉलेजच्या काळातलं गाणं काढायचं. पोरं केशरी झाली तर ताल मध्येच तोडून क्षणभर शांतता, आणि मग दणका. गाजलेली दोन गाणी लागोपाठ लावायची नाहीत, त्याने माणूस दमतो. हे सगळं श्रीरंग चटई येण्याआधीही लोकांच्या पायांकडे बघून करत होता. फक्त तेव्हा चुकायचा.

ऋजुताच्या संगीताला त्याने केळुसकर बाईंना आवर्जून बोलावलं होतं.

"बघा मॅडम, हा एक ठिपका मघापासून सतावतोय. हिरवा झाला म्हणेपर्यंत पुन्हा केशरी. पण मीही काळोखे आहे म्हटलं!"

त्याने चालू गाण्याखाली हळूच ढोलकी सरकवली. ठिपका हिरवा झाला.

बाई हसल्या, मग पडद्याजवळ वाकल्या. "हा दमलेला माणूस नाही हो. दमलेला खुर्चीकडे वळतो. याचा अंगठा दर वेळी फाटकाकडे वळतोय. तो शेजारचा ठिपका जवळ आला की."

पडद्यावर नावं नसत. श्रीरंगने मान वर करून फ्लोअरवर पाहिलं. त्या ठिपक्याच्या जागी ऋजुता मनापासून हसत नाचत होती आणि तिच्या शेजारी होता निनाद, उद्याचा नवरदेव. मुलगा गुणी होता; बोट ठेवायला कुठे जागा नव्हती.

श्रीरंग बाईंकडे वळला. "म्हणजे तिला हे लग्न नकोय?"

"असं नाही म्हणता येत. पूर्वपाऊल म्हणजे निर्णय नव्हे. शरीराने मनाच्या दारावर मारलेली ती थाप असते. मन दार उघडतं, 'काय आहे?' म्हणून विचारतं आणि बहुतेक वेळा परतही पाठवतं. तुम्ही ती थाप दारापर्यंत पोचूच दिली नाहीत."

"मग आता कळायचं कसं, तिला काय हवं होतं ते?"

"मला नाही कळणार," बाई सावकाश म्हणाल्या. "आणि खरं सांगू? तिलाही कळेल की नाही, शंकाच आहे. थाप ऐकायची सवय सुटली, काळोखे, की ती नुसती भीती वाटते."

संगीत संपलं तशी ऋजुता धापा टाकत आली आणि मामाच्या गळ्यात पडली. "मामा, काय जादू केलीस रे! दुपारपर्यंत पोटात गोळा येत होता. आईला म्हणणारच होते, जरा थांबूया का. आता बघ, सगळं कसं छान वाटतंय!"

श्रीरंगच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगणार काय? आणि सांगितल्यावर मांडव मोडला, तर तो तिच्या मनाने मोडला की मामाच्या शब्दाने, हे तरी कुणी ठरवायचं? या पोरीवर त्याचा फार जीव होता. "जा, आधी जेवून घे," एवढंच तो म्हणाला.

सकाळी मात्र त्याचं ठरलं होतं. नवरीला बोहल्यापर्यंत आणायचा मान मामाचा. तेवढी वाट तरी तिला कोरी मिळायला हवी. मुहूर्ताआधी तो सनईवाल्यांकडे गेला आणि म्हणाला, "मी हात वर करेपर्यंत एक सूर निघता कामा नये."

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" भटजींनी पुकारलं.

अर्ध्या वाटेवर श्रीरंग थांबला. कार्यालयात चिडीचूप. पुढे अंतरपाट धरलेला, पलीकडे निनाद हार घेऊन उभा. माना वळू लागल्या. ऋजुताची आई डोळ्यांनीच भावाला विचारत होती, 'अरे, काय हे?'

ऋजुताचा हात त्याच्या हातात गार पडत गेला. तिने एकदा मागे दाराकडे पाहिलं. विसरलेलं काही आठवत असावं तशी तिच्या कपाळावर आठी आली. श्रीरंग मनातल्या मनात म्हणत होता, बोल पोरी, काय वाटेल ते बोल, या सगळ्यांना मी बघून घेतो.

"मामा," ती पुटपुटली, "थांबलं की आत कसंतरीच व्हायला लागतं."

"होऊ दे बाळा. थोडं होऊ दे. मी आहे ना."

तिचे डोळे भरून आले. तिने जोरजोरात मान हलवली. "नको ना रे. काहीतरी वाजवायला सांग."

समोरचं माणूस अडखळलं की त्याला सावरायचं, एवढी एकच विद्या श्रीरंग उभ्या जन्मात शिकला होता. त्याचा हात वर गेला.

सनई सुरू झाली. ऋजुताने डोळे पुसले, शेला सारखा केला.

"हं, आता बरं वाटतंय," ती हसून म्हणाली आणि मामाला जवळजवळ ओढतच बोहल्याकडे निघाली.