उंदरांपुरतं उत्तर

विद्यापीठातल्या प्राणिशास्त्र विभागाच्या पायऱ्यांवरून अक्षदा उंदरांच्या पिंजऱ्यांसाठी कोंड्याची गोणी ओढत होती. मागून आवाज आला, "सोडा, मी घेतो."

वळून पाहिलं तर निळ्या शर्टातला एक उंच तरुण... बगलेत घट्ट बंद केलेली बरणी.

"अक्षदा मॅडम कुठं भेटतील?"

"गोणी वर पोचली की भेटतील."

तो हसला. आधी डोळे हसले, ओठ मागून.

अजिनाथ गंगापूरचा. बिडकीनजवळच्या एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट. बरणीत अक्षदानं प्रयोगासाठी मागवलेली जस्ताच्या ऑक्साइडची पांढरी पूड होती, डोळ्याला दिसणारही नाहीत इतक्या बारीक कणांची. ते कण उंदरांच्या जननेंद्रियांचं काय करतात आणि व्हिटॅमिन ई ते नुकसान थोपवतं का, यावर अक्षदाची पीएचडी चालली होती.

"मास्कशिवाय उघडू नका हं."

"आणि तुम्ही?"

"आम्हाला सवय झाली."

"फुप्फुसांना कसली हो सवय होते?"

त्यानंतर तो सुट्टीच्या दिवशी येत राहिला. कधी पूड बरी निघाली का विचारायला, कधी नुसताच...

"उंदरांना विचारलं का माझ्याबद्दल?"

"विचारलं ना. म्हणाले, माणूस बरा आहे, पण खाऊ लई बेकार आणतो."

हिवाळ्यात काचपट्ट्या तयार झाल्या, तेव्हा तिनंच त्याला बोलावलं. तो सूक्ष्मदर्शकावर वाकला. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला – ती सरकली नाही.

"हा साधा उंदीर." गुलाबी-जांभळी गोल दालनं, गच्च भरलेली.

"हा पूड पाजलेला." दालनं ओस, भिंती सुटलेल्या.

"हे नेमकं कशाचं आहे?"

"नराचं... वृषण," ती शक्य तितक्या शास्त्रीय आवाजात म्हणाली. कान मात्र तापले. "आणि हा बघा, पुडीबरोबर व्हिटॅमिन दिलेला. पुरता नाही, पण पुन्हा भरत आलाय!"

तिला केवढा आनंद झाला होता! पण अजिनाथनं पूड पाजलेल्या उंदराची, ती दुसरी पट्टी परत मागितली.

"हीच पूड?"

"हीच."

तो चहा न घेताच गेला.

मग यायचाच थांबला. फोन केला की, "शिफ्ट आहे." गाडीचा आवाज आला की अक्षदा खिडकीशी जायची... कुणी दुसराच असायचा. कडुनिंब फुलला, त्याचा वास प्रयोगशाळेत भरून राहिला. तिला प्रबंधाची ओळ सुचेना.

कन्नडहून आईचा, मंजुळाबाईंचा फोन आला. "पोरगं लई चांगलं हाय. बघून तर घे."

"नाय आई... इतक्यात नको."

"कुणी हाय का मनात?"

"हाय एक... पण यायचाच थांबलाय."

"मंग त्याला विचार की, बाई. वाट बघून कुणाचा संसार झालाय?"

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी अक्षदा बिडकीनला, कंपनीच्या फाटकाशी उभी होती. अजिनाथ बाहेर आला. भुवयांवर पांढरी धूळ. तिला पाहून जागीच थबकला.

"काय चुकलं माझं?"

"तुमचं नाय... तुमच्या घरी मागणी घालणार होतो. मग ती दुसरी पट्टी पाहिली. कित्येक वर्षं याच पुडीत आहे मी, अक्षदा. तुम्हाला मूल देता आलं नाही तर...?"

म्हणजे इतके महिने हा माणूस ही भीती एकटा वागवत होता!

"उंदरांना मी पूड नळीनं पाजली, ठरवून, मोजून. माझं उत्तर उंदरांपुरतं आहे. तुझं मला माहीत नाही." पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' निघालं होतं. "डॉक्टरांना दाखवू. दोघं जाऊ."

"आणि वाईट निघालं तर?"

"मला मुलं आवडतात, खोटं नाही बोलणार. वाईट निघालं तर रडेनसुद्धा. पण प्रयोगशाळेच्या खिडकीत मी मुलाची वाट बघत नव्हते रे... तुझी बघत होते."

कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. अजिनाथ हलला नाही. बस निघून गेली.

त्यानं हळूच हात पुढे केला. तिनं त्या पांढऱ्या बोटांकडे पाहिलं, भरल्या डोळ्यांनी हसली.

"आधी हात-तोंड धुऊन ये," ती म्हणाली. "मग धर. आणि धरलास की सोडू नकोस."