तनुजाचं शेवटचं कडवं

२०२३ च्या मार्चमध्ये माझी भाची तनुजा घटस्फोट घेऊन लातूरहून नांदेडला माझ्याकडे आली. सोबत दोन बॅगा आणि गिटार. तरोडा नाक्याजवळच्या माझ्या घराच्या गॅलरीत बसून ती दुपारी हळू आवाजात एक गाणं बसवायची. जमलेलं कडवं मोबाईलच्या स्टेटसवर टाकायची.

पहिल्या कडव्यात ती म्हणायची, तुझ्या पावलांचा आवाज आता आठवत नाही.

त्याच आठवड्यात तिचा आधीचा नवरा सुदर्शन तिचे राहिलेले कपडे घेऊन आला. आमच्या लोखंडी जिन्यावर मांजर चढलं तरी कळतं. तो दारात उभा राहीपर्यंत मला काही ऐकू आलं नाही. निघाला तेव्हा मुद्दाम कान दिला. काहीच नाही.

दुसऱ्या कडव्यात तिला त्याचा चेहरा आठवेना. लग्नाच्या अल्बममध्ये फेट्याखाली नुसती नितळ कातडी दिसू लागली. फोटोंचा रंग उडाला असेल म्हणून मी सगळी पानं पाहिली. बाकीचे वऱ्हाडी शाबूत होते.

सुदर्शनचा फोन आला.

"आत्या, आई मलाच विचारून राहिली, कोण पाहिजे म्हणून. तनुजाला म्हणा, पुढचं गाऊ नको. पाया पडतो."

मी सांगितलं. ती तारा जुळवत होती.

"संसारात त्याचंच ऐकलं. आता विसरू बी देत न्हाई का मला?"

"एक कडवं राहू दे, बाई."

"ते झाल्याबिगर मला झोप न्हाई, आत्या."

शेवटचं कडवं त्याचं नाव आठवेना, असं होतं. तिनं ते गायलं. मग गिटार बाजूला ठेवून कितीतरी दिवसांनी हसली.

"सुदर्शनला फोन लाव," मी म्हणाले.

"कोण सुदर्शन?"

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. माझा भाऊ पाहुण्यांना सांगत होता की मुलीचं पहिलंच आहे, आणि तो खोटं बोलत नव्हता. ती आता भोकरला शाळेत गाणं शिकवते. झोप चांगली लागते म्हणते.

सुदर्शनची आई साखराबाई लातुरात गंजगोलाईमागे एकटी राहते. मागच्या महिन्यात मी गेले. तिनं मला ओळखलं नाही. मी जुनी नर्स, सहज आले, असं सांगितल्यावर चहा टाकला.

"मूलबाळ?"

"लेकरूच झालं न्हाई वो मला."

मग दार लोटून तिनं लुगडं जरा खाली सरकवलं. बेंबीखाली टाक्यांचा उभा, जुना व्रण होता.

"बाई, तुम्ही दवाखान्यातल्या. हे कशाचं आपरेशन हाय, सांगता का?"