वाढवलेला दिवा

आमच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवायला फिटर आला तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि त्याने वेळ दिली होती नऊची. एकतीस वर्षं मी वीज कार्यालयाच्या मीटर तपासणी खोलीत काढली. लोकांचे मीटर पळतात की रखडतात हे बघणं, एवढंच माझं काम. त्यामुळे अर्ध्या तासाची चूक मला सहन होत नाही. मी त्याला घड्याळ दाखवणार, तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला, "त्याला चहा दे आणि गप्प बस. तूही जन्माला दहा दिवस उशिराच आला होतास."

ताई माझी थोरली बहीण, वय एकाहत्तर. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आवाज अजून खणखणीत आहे, फक्त त्याला हवा पुरत नाही. दोन वर्षांपासून तिला ऑक्सिजनचं मशीन लागतं, दिवसरात्र. पलंगाशेजारी ते घुमत असतं आणि त्याची पारदर्शक नळी तिच्या नाकाशी. आमच्या भागात वीज जाते ती सांगून जात नाही. मागे एकदा ती चार तास गेली. सिलिंडरवर भागवलं, पण त्याचा काटा खाली सरकताना मी पाहत बसलो होतो. त्याच दिवशी ठरवलं, वीज आता घरचीच. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, ताईने लग्नच केलं नाही. ती गेली तर या घरात माझ्याशी भांडायला कोणी उरणार नाही. या गोष्टीची मला भीती वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आठ पॅनेल गच्चीवर, इन्व्हर्टर आणि बॅटरी खालच्या बोळात. बॅटरी कपाटाच्या दाराएवढी, पांढरी, भिंतीला टेकून उभी. मी गच्चीवर पॅनेलचा उतार स्वतःच्या लेव्हलनळीने तपासत होतो, तेव्हा खाली फिटरने ताईला विचारलं की वीज गेल्यावर बॅटरीवर काय काय चालू ठेवायचं. ताईने यादी सांगितली. तिचं मशीन, फ्रिज, दोन पंखे, स्वयंपाकघरातला दिवा. शेवटी म्हणाली, "आणि जिन्याखालचा दिवा तेवढा वाढवा."

आता हे आमच्या आईचं बोलणं. आईच्या तोंडात 'विझला', 'फुटला', 'संपला' असे शब्द कधी नसत. बांगडी फुटली की ती 'वाढली', डब्यातले तांदूळ संपले की तेही 'वाढले', आणि दिवा मालवायचा म्हणजे 'वाढवायचा'. ताईला म्हणायचं होतं की जिन्याखालचं ते जुनं कनेक्शन कायमचं बंद करा. फिटर पंचविशीचा. त्याने ऐकलं ते 'वाढवा'. त्याने यादीत सहावा खटका वाढवला, त्यावर सुबक अक्षरात 'जिन्याखालचा दिवा' अशी पट्टी चिकटवली आणि भिंतीतून आलेली जुनी वायर त्याला जोडून दिली. तिच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे बघायला तो जिन्याखाली वाकला नाही.

पहिले महिने मजेत गेले. सकाळी उठलो की मी आधी इन्व्हर्टरसमोर जायचो. गच्चीवरून किती येतंय, घर किती खातंय, बॅटरीत किती टक्के. दुपारी बारापर्यंत बॅटरी काठोकाठ भरायची. वीज चार वेळा गेली आणि चारही वेळा ताईचं मशीन हूं की चूं न करता चालू राहिलं. पाचव्यांदा वीज गेल्याचं आम्हाला शेजारच्यांनी सांगितलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी दर तासाला आकडे टिपून ठेवायचो. ताई हसायची, पण जेवताना विचारायची, "आज किती आलं रे आपलं ऊन?" 'आपलं ऊन' हा तिचाच शब्द.

या टिपणांमुळेच ते लक्षात आलं. रोज दुपारी बरोबर चारला घराचा वापर चाळीस वॅटने वाढायचा आणि पाच वाजून दहा मिनिटांनी पुन्हा खाली यायचा. त्या वेळी मी काही लावत नसे. ताई वाचत पडलेली असे. आधी वाटलं फ्रिज, पण फ्रिजचं खाणं असं घड्याळ लावून नसतं. शेवटी एका दुपारी ताईच्या मशीनचा सोडून एकेक खटका पाडत गेलो. सहावा पाडला आणि चाळीस गेले. वर केला, चाळीस आले.

पट्टी वाचली आणि ताईला विचारलं. सगळा उलगडा झाल्यावर ती इतकी हसली की मला तिची पाठ चोळावी लागली. "अरे, मी वाढवा म्हटलं," ती धापा टाकत म्हणाली, "आणि त्याने वाढवला!"

मीही हसलो. मग टॉर्च आणि माझा जुना क्लॅम्प मीटर घेऊन जिन्याखाली गेलो. क्लॅम्प मीटर म्हणजे एक चिमटा. वायरभोवती धरला की आतून किती वीज वाहते ते सांगतो. मी त्याच्याइतका विश्वास माणसांवरही ठेवलेला नाही.

जिन्याखाली दिवा नव्हता. मला ते माहीतच होतं. आई घरी वह्या बांधायची, शाळांच्या, दुकानांच्या. दुपारची कामं आवरून चारला ती तिथे बसायची, कारण पायऱ्यांखाली वारा लागत नाही आणि कागद उडत नाहीत. डोक्यावर चाळीसचा बल्ब. ती गेल्यावर बल्ब काढला, रंगकामात होल्डरही गेला. त्याला वीस वर्षं झाली. भिंतीतून आता फक्त दोन वायरी बाहेर येत होत्या, प्रत्येकीच्या टोकाला काळी टेप, दोघींमध्ये चार बोटांचं अंतर.

चिमटा एका वायरीला लावला. शून्य पूर्णांक सतरा अँपिअर. म्हणजे चाळीस वॅट.

वीज वाहायची तर तिला एका वायरीतून जाऊन दुसरीतून परत यावं लागतं. मध्ये काहीतरी असावं लागतं. इथे मध्ये हवा होती. मी मीटरचे सेल बदलले. दुसरी वायर बघितली. सतराच. ओली जमीन, भिंतीतली गळती, उंदरांनी कुरतडलेली वायर, सगळं तपासलं. भिंत कोरडी खडखडीत होती. पाच वाजून दहा मिनिटांनी आकडा शून्यावर आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढा वेळ तिथे खळीचा वास येत होता. वह्यांच्या पाठीला लावतात ती खळ, किंचित आंबूस.

दुसऱ्या दिवशी फिटरला बोलावलं. तो चारच्या आधी आला, हे विशेष. त्याने स्वतःचा मीटर लावला, आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"काका, मीटरची चूक असेल."

"दोन्ही मीटरांची?"

तो टेप लावलेल्या टोकांकडे बघत राहिला. "मी काढून टाकतो ही लाइन. माझीच चूक आहे."

"काढू नका," ताई खोलीतून म्हणाली.

आमचं त्यावरून वाजलं. मी म्हणालो, पावसाळी दिवसांत बॅटरीतला थेंबन् थेंब तुझ्या मशीनला हवा. ती म्हणाली, दिवसाला किती जातं ते सांग. मी हिशेब केला. एका युनिटचा विसावा हिस्साही नाही. "मग एवढ्याने मी मरत नाही," ती म्हणाली. "असू दे." फिटर तिच्या बोलण्याला मान देऊन गेला, आणि जरा घाईनेच गेला. मी खटका चालू ठेवला. खरं सांगायचं तर तो पाडायला माझा हातच होईना.

सात महिने असे गेले. माणसाला कशाचीही सवय होते.

मग वादळ आलं. पहाटे सुरू झालं आणि दुपारपर्यंत रस्त्यावरची झाडं, खांब, तारा, सगळं आडवं झालं. वीज गेली. तिसऱ्या दिवशीही आभाळ काळंच होतं, पॅनेलवरून येत होतं ते नसल्यासारखं. फ्रिज, पंखे, स्वयंपाकघरातला दिवा मी पहिल्याच दिवशी बंद केले होते, सहावा खटका तेवढा तसाच होता. चालू होतं ते फक्त ताईचं मशीन, तीनशे वॅट.

रुग्णवाहिकेच्या माणसाशी फोनवर बोललो. तो भला होता. म्हणाला, "काका, झाडं कापणं चालू आहे. उद्या दुपारच्या आत पोचत नाही. तोवर धरून ठेवा."

धरून कशाने ठेवायचं? बॅटरी दहा टक्क्यांवर आली की स्वतःला वाचवायला बंद होते, तिची घडणच तशी. तिसऱ्या दिवशी पावणेचारला ती अकरावर आली. एक टक्का म्हणजे मशीनचा अर्धा तास. त्यानंतर सिलिंडर, सहा तास. त्यानंतर अख्खी रात्र आणि अर्धा दिवस. मी हा हिशेब तीनदा केला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपला आकडा चुकावा.

ताईला मी काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. एवढंच म्हणाली, "इथे बस ना जरा. सारखा बोळात काय जातोस?"

"येतो," म्हणालो आणि बोळात गेलो. सिलिंडर आणून दाराशी ठेवला. किल्ली लावून ठेवली.

चार वाजले.

इन्व्हर्टरवर घराचा वापर तीनशे होता. तो दोनशे साठ झाला.

मला वाटलं मशीन बंद पडतंय. धावत खोलीत गेलो. मशीन घुमत होतं, ताईच्या नळीत हवा होती.

परत आलो. दोनशेवीस. एकशेऐंशी. चाळीस-चाळीसने उतरत होता.

मग वीस. मग शून्य.

खोलीतून मशीनचा आवाज येतच होता.

चिमटा मशीनच्या वायरीला लावला. एक पूर्णांक तीन अँपिअर, तीनशे वॅट. बॅटरीच्या वायरीला लावला. काही नाही. मग मला जे करायचं नव्हतं ते केलं. सहाव्या खटक्याच्या वायरीला लावला.

एक पूर्णांक तीन.

माझा हा चिमटा वीज किती ते सांगतो. कुठून कुठे ते सांगत नाही. त्या दिवशी मला त्याचे उपकार वाटले.

मी बोळातून हललो नाही. पाच वाजून दहा मिनिटं झाली, आकडे तसेच राहिले. खळीचा वास इतका दाट होता की घशाशी चिकटत होता. मी रडलो, ते भीतीने की सुटल्याच्या आनंदाने, मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला रुग्णवाहिका दारात आली. बॅटरी अकरा टक्क्यांवरच होती. सिलिंडरला हात लागला नव्हता. ताईला गाडीत चढवलं, गाडीतली नळी लावली, आणि मी घराला कुलूप लावायला वळलो तेव्हा आत सगळे आकडे शून्य होते.

हॉस्पिटलमध्ये तिला चार दिवस ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांची तब्येत आधीपेक्षा बरी कशी? मी म्हणालो, विश्रांती मिळाली. यापेक्षा मोठं खोटं मी आजवर बोललो नव्हतो.

घरी आल्यावर दोन दिवसांनी, चारच्या सुमारास, ताईने नळी काढून उशीवर ठेवली, भिंतीला धरत जिन्याखाली गेली आणि स्टुलावर बसली. मी ओरडत मागे गेलो. तिने बोट पुढे केलं. बोटाला चिमट्यासारखा ऑक्सिमीटर लावला होता. सत्त्याण्णव. मशीन लावूनही तिचा आकडा ब्याण्णवच्या वर जात नसे.

"इथे बरं वाटतं," ती म्हणाली. "दम लागत नाही."

तेव्हापासून रोज तसंच. चार ते पाच-दहा ती बिनमशीनची असते. हळूहळू बाकीच्या वेळीही तिला मशीन कमी लागू लागलं. परवा ती फाटकापर्यंत चालत गेली आणि फिटरला रस्त्यातच अडवून गच्चीवर आणखी दोन पॅनेल बसवायला सांगून आली. डॉक्टरीणबाईंना कारण कळत नाही, पण त्या खूश आहेत. मीही आहे. देवाशपथ सांगतो, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

काल दुपारी मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो होतो. ती एक्स्चेंजमधले किस्से सांगत होती आणि मी सवयीने चिमटा वायरीला लावून ठेवला होता. आकडा नेहमीसारखा सतरावर स्थिर नव्हता. पंधरा, एकोणीस, पंधरा, एकोणीस. बराच वेळ बघितल्यावर मला त्याची लय ओळखू आली. ताईची छाती वर जायची तेव्हा एकोणीस. खाली यायची तेव्हा पंधरा. तिच्या श्वासाबरोबर.

बोलून बोलून तिला तहान लागली तेव्हा पाण्याचा पेला पुढे केला.

तिने तो तोंडाला लावला आणि श्वास रोखून, एका दमात, गटागटा पीत राहिली. मी खाली मीटरकडे बघितलं. पंधरा. एकोणीस. पंधरा. एकोणीस.