रानदेवीची गाडगी

"उद्या सकाळी आई अनंताला रानदेवीला नेणार," पार्वती म्हणाली, तशी राघो आणि महादूची विटीदांडू खेळायची हौसच गेली.

दिघाशीत दिवाळीची सुट्टी लागली होती, पण घरोघरी हाडं मोडणारा ताप. ठकुबाईचा मोरू त्यात गेला होता आणि आता पार्वतीचा धाकटा भाऊ अनंता फणफणला होता. भिवंडीचे डॉक्टर म्हणाले होते, "हा विषाणूचा ताप. आजाऱ्याला चावलेला डास दुसऱ्याला चावला की पसरतो." म्हणून गाव संध्याकाळी धूर करी. आणि आजाऱ्याला रानात नेऊन देवीपुढे पाण्याने भरलेलं गाडगं ठेवी. ते हलवायचं नाही, अशी रीत.

"माझी आक्का गाडगं ठेवाया गेली, नि मग तीच आजारी पडली," राघो म्हणाला.

"माझा काका पण तसाच," महादू म्हणाला.

पार्वती उठलीच. "चला, बघून येऊ."

भरदुपारी रानात गाडगी दाटीवाटीने मांडलेली होती. पाण्यात किडे वळवळत होते.

"हे डास तर दिवसा चावतात," महादू पाय खाजवत म्हणाला. डासाच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे होते.

राघोने थोडं पाणी बरणीत घेऊन बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं. सकाळी बरणीत तसेच पट्टेवाले डास उडत होते.

आई अनंताला कडेवर घेऊन निघालेली. पार्वती राघोची बरणी घेऊन धावत देवीचं सगळं पाहणाऱ्या बायजाबाईपुढे गेली.

"देवीच्या पान्याला हात लावलास?" बायजाबाई कडाडली.

पार्वतीने बरणी पुढे केली. "आजी, घरच्या देवाचं पाणी कवा बदलता?"

"रोज. शिळं चालतं व्हय देवाला?"

"मंग रानदेवीला किडं पडलेलं कसं चालतं? त्यातनंच हे डास निघालं."

बायजाबाईने बरणी उजेडात धरली. आतले डास निरखून पाहिले.

"पोरीचं खरं हाय," ती शेवटी म्हणाली. "समदी गाडगी पालथी घाला. देवीला फूल वाहा. अनंताला घरी न्या, मच्छरदाणीत निजवा."

सुट्टी संपता संपता गावातला ताप ओसरला आणि अनंता अंगणात चालू लागला. चावडीवर म्हाताऱ्या मंडळींनी तिघांच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. ठकुबाई मागे उभी होती. ती पुढे आली, पार्वतीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "लई पोरं वाचवलीस, बाय. माझ्या मोरूच्या आदी का न्हाय सुचलं तुला?"

 पार्वतीने ठकुबाईला मिठी मारली आणि दोघी रडल्या.