बॅटरीवरचं हळदकुंकू

कारवी फुलली होती! सात-आठ वर्षांतून एकदाच येणारा तो जांभळा बहर २००८ च्या पावसाळ्यात मुळशीच्या डोंगरांवर पसरला, आणि भरे गावच्या हैबतरावांनी ठरवून टाकलं की यंदा कारवीचा मध घरात आणायचाच. त्यांच्या बायकोचा, सगुणाबाईंचा खोकला तीन महिने हटत नव्हता. गोळ्या झाल्या, काढे झाले. "मागं कारवी फुलली तवा त्या मधानं बरी झाले हुते," असं सगुणाबाई एकदा बोलून गेल्या, आणि हैबतरावांना तेवढं पुरे झालं. माणूसच हट्टी. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव समजवायला आला तरी त्यालाही चहा पाजून परत पाठवायचे.

दसरा होऊन बारा दिवस झाले होते. पहाटे तिघं जीपमध्ये बसले. हैबतराव चालवायला, शेजारी त्यांचा बालमित्र गेणबा, ज्याचा पोळं काढण्यात पंचक्रोशीत कुणी हात धरत नसे, आणि मागे निरंजन. हा निरंजन मूळचा नांदेडचा, नोकरी हिंजवडीत कॉम्प्युटरवर, आणि राहायला हैबतरावांच्या भाड्याच्या खोलीत. कारवीचं जंगल बघायचं म्हणून त्याने सुट्टी टाकली होती.

निघताना एक खटका उडाला तो इथेच सांगून टाकतो. रेडिएटरमध्ये पाणी घालायला निरंजनने बॉनेट उघडलं आणि बॅटरी बघून तो थबकला. दोन्ही टर्मिनलवर निळसर पांढरी बुरशी फुगून आली होती, आणि तिच्यावर हळदकुंकवाचा जाड लगदा बसला होता. गाडीचा जीव बॅटरीत असतो, अशी हैबतरावांची श्रद्धा. म्हणून दरवर्षी दसऱ्याला बंपरवर नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी थेट बॅटरीवर ओतायचं. वर सगुणाबाई चिमूटभर हळदकुंकू वाहायच्या.

"काका, हे धुऊन घेऊ या. नांदेडला माझ्या वडिलांचं बॅटरीचंच दुकान आहे. दहा मिनिटांचं काम."

"हात लावू नगंस!" हैबतराव कडाडले. "सगुणेनं लावलेलं कुंकू हाय ते. कुंकू कदी पुसत्यात व्हय? आन् ती अशी आजारी असताना?"

निरंजनने रेडिएटरमध्ये पाणी घातलं आणि बॉनेट लावून टाकलं. जीप दुसऱ्या दणक्याला सुरू झाली, आणि हैबतरावांनी आरशातून त्याच्याकडे अशी नजर टाकली, जणू पैजच जिंकली.

पिरंगुट मागे पडलं, पौड मागे पडलं. मग मुळशीच्या धरणाचं पाणी उजवीकडे लागलं, आणि त्या पाण्याच्या काठाकाठाने, भाताच्या पिवळ्या पडत चाललेल्या खाचरांमधून रस्ता ताम्हिणीच्या अंगाला वळत गेला. पुढे डांबर संपलं. लाल मातीची, पावसाने खरवडलेली वाट रानात शिरली आणि एका अरुंद टप्प्यावर येऊन थांबली. वाट आली ती बाजूने; समोर खडकाची भिंत, मागे पंधरा पावलांवर दरी. हैबतरावांनी जीप भिंतीला नाक लावून उभी केली आणि मागच्या चाकांना दगड लावले.

तिथून तासाभराची चढण होती. कारवीच्या दाटीतून वाट काढत तिघे कड्याखाली पोचले, आणि निरंजन मान वर करून बघतच राहिला. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळाची सात पोळी लटकत होती, एकेक सुपाएवढं!

"आता कुणी बोलायचं न्हाई," गेणबा कुजबुजला. "ऊन कलल्यावर धूर करू. तवर हितंच बसा. आगाऊपणा केला तर आपली काय खैर न्हाई."

बसले. तास गेला. दुसरा गेला. आणि मग वरून एक सावली कड्यावर उतरली.

"मोहोळघार!" गेणबा ओरडला. "पळा!"

पोळ्यांवर जगणारा तो पक्षी सरळ सगळ्यात मोठ्या पोळ्यावर झेपावला. त्याने एक लचका तोडला आणि निघून गेला. कडा काळा झाला. हवा गरजायला लागली!

हैबतरावांनी घोंगडी डोक्यावर ओढली आणि निरंजनचा हात धरून उतारावर झेप घेतली. डबे गडगडत गेले. फांद्या तोंडावर फटकारत होत्या. हनुवटीला, मानेला, मनगटाला आगीचे चटके बसत होते. ओढ्याजवळ आल्यावर त्यांनी मागे बघितलं, तर गेणबा नव्हता.

तो वर कारवीत पालथा पडला होता. पाय मुरगळला होता आणि माश्यांनी त्याची पाठ झाकून टाकली होती. हैबतराव परत चढले. का चढले, कसे चढले, त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. त्यांनी गेणबाला घोंगडीत गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि उतरत सुटले.

जीपपाशी पोचेपर्यंत गेणबाचे डोळे सुजून मिटले होते. ओठ जाड झाले होते. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. हैबतरावांना तो आवाज ऐकवेना. गांधील चावून याच आवाजात गेलेला एक माणूस त्यांनी लहानपणी बघितला होता.

"पौडच्या दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता!" निरंजन म्हणाला. त्याच्या मोबाइलला रेंजच नव्हती.

हैबतरावांनी किल्ली फिरवली.

कट्!

पुन्हा फिरवली. कट्! बस, तेवढंच. इंजिन हललं नाही.

"दिवे लावा काका." दिवे लागले. "आता किल्ली." किल्ली फिरवताच दिवे मेले. निरंजनने बॉनेट उचललं, टर्मिनलला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "तापलंय! बॅटरी ठीक आहे. त्या बुरशीतून करंट जात नाहीये."

"ढकलून चालू करू!"

"कुठे ढकलणार? पुढे खडक आहे."

हैबतरावांनी मागे बघितलं. उतार दरीकडे होता. पंधरा पावलं. रिव्हर्स टाकायचा, ब्रेक सोडायचा, क्लच सोडायचा. डिझेलचं इंजिन दहा पावलांत पकडतंच. न पकडलं तर? पकडलं पण ब्रेक लागला नाही तर? त्यांचा हात हँडब्रेकवर गेला. मागच्या सीटवरून शिट्टी ऐकू आली, आधीपेक्षा बारीक. त्यांनी हात काढून घेतला.

"निरंजन, लेका, काय लागंल तुला?"

"खायचा सोडा. काकूंनी दिलेली पुडी."

ती पुडी सगुणाबाईंनी माशी चावली तर लावायला दिली होती, आणि तीच भिजवून गेणबाच्या मानेला लावायची, असं हैबतरावांच्या मनात होतं. त्यांनी पुडी खिशातून काढून छातीशी धरली.

"गाडीला लावू का गेणबाला?"

"काका, सोड्याने आग कमी होईल. श्वास नाही मोकळा होणार. त्याला डॉक्टरच पाहिजे!"

हैबतरावांनी पुडी त्याच्या हातात दिली.

"आधी काळी वायर," निरंजन पाना लावत बोलायला लागला. बोलत राहिलं की त्याची भीती कमी होत असावी. "लाल आधी सोडली आणि पाना बॉडीला टेकला तर स्फोटसुद्धा होतो. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत का बघा, सोडा आत जायला नको." काळी सुटली. लाल सुटेना. नट कुंकवाच्या लगद्याखाली गाडला गेला होता. निरंजनने हैबतरावांकडे बघितलं. पुसायला त्याचा हात होईना.

हैबतरावांनी एकदा डोळे मिटले. मग धोतराचा सोगा हाताला गुंडाळला आणि बायकोच्या हातचं कुंकू खरवडून काढलं. बुरशीतल्या ॲसिडने बोटं चरचरली. थांबले नाहीत.

नट फिरला! निरंजनने सोड्याचं पाणी ओतलं. बुरशी फसफसून वर आली, फेस काठावरून वाहायला लागला. पुन्हा ओतलं. पुन्हा फसफसली. तिसऱ्यांदा नुसतं पाणी. हैबतरावांनी कोरड्या फडक्याने पुसलं, गेणबाच्या सुरीने बॅटरीचे दोन्ही खुंट खरवडले, वायरींच्या पट्ट्या आतून खरवडल्या. खाली शिसं पांढरं चमकलं.

"लाल आधी बसवतो, काळी शेवटी." पण झिजलेली पट्टी आता सैल बसत होती. हैबतरावांनी सीटच्या फळीतला एक खिळा उपटला आणि फटीत दाबून बसवला. निरंजनने नट आवळला. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरचं बोटभर ग्रीस काढून वरून थापलं. "ओल शिरायला नको. लावा काका!"

मागची शिट्टी आता मध्येच तुटत होती.

किल्ली फिरली. घर्र! इंजिन धडधडलं!

"आता काय झालं तरी बंद करू नका," निरंजन ओरडला. चाकांमागचे दगड काढून तो मागे बसला आणि त्याने गेणबाचं डोकं मांडीवर घेतलं. हैबतरावांनी तसूतसूने गाडी वळवली. एकदा मागचं चाक काठावरची माती ढासळवत गेलं, पण पुढच्या चाकांनी खडक धरला. डबे, दोर, मध, सगळं त्या रानात राहिलं. कुणी नावही काढलं नाही.

पौडच्या दवाखान्यात गेणबाला स्ट्रेचरवरून आत नेलं. निरंजन सोबत गेला. हैबतराव मात्र स्टिअरिंगवरच बसून राहिले. पुण्याला न्यायला सांगितलं तर? बंद केलेली गाडी परत लागलीच नाही तर? शिपाई येऊन धूर होतोय म्हणून दोनदा ओरडून गेला. हैबतरावांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. पाऊण तास ते तसेच बसले. आयुष्यात इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती.

शेवटी निरंजन बाहेर आला. त्याचाही एक डोळा सुजून मिटला होता.

"काका, इंजेक्शन लागू पडलं. पुण्याला न्यायची गरज नाही म्हणाले. करा बंद गाडी."

हैबतरावांनी बंद केली. मग उतरून ते निरंजनच्या मागोमाग आत गेले.

गेणबाला दिसत नव्हतं. पावलं ओळखून त्याने हात पुढे केला.

"हैबती? वयनीचा मध ऱ्हायला की रं."

"मरू दे तो मध. चुकलो मी, गेणबा. हे पोरगं सकाळीच सांगत हुतं, बॅटरी धू म्हणून. म्या ऐकलं न्हाई. तुझा जीव जात हुता माज्यापायी."

गेणबाने त्यांची बोटं चाचपली. कातडी सोललेली होती. तो काहीतरी विचारायला लागला, तसा हैबतरावांनी त्याचा हात दाबला.

"बोलू नगंस. तू नुसता श्वास घे."

गेणबाने श्वास घेतला, सरळ, कुठलाही आवाज न होता. मग दुसरा घेतला. हैबतराव खाटेला टेकून खालीच बसले आणि ऐकत राहिले.