एका मताचा फरक

दोघांच्या मध्ये लोखंडी जाळी होती. अलीकडे ती, सात नंबरच्या टेबलावर मतपत्रिका मोजायला बसलेली. पलीकडे तो, तिची मोजणी बरोबर होतेय ना हे बघायला बसलेला.

ती शाळेत गणित शिकवायची. पोरांनी तिचं नाव पाडलं होतं ‘पुन्हा मांडा बाई’, कारण उत्तर बरोबर आलं तरी ती रीत पुन्हा मांडायला लावायची. तो बाजारपेठेतला चष्मेवाला. त्याचे सख्खे मामा निवडणुकीला उभे होते, आणि भाच्याची नजर पक्की म्हणून त्यांनी त्यालाच प्रतिनिधी करून पाठवलं होतं.

कागद उडू नयेत म्हणून हॉलमधले सगळे पंखे बंद होते. मनगटाने घाम पुसत ती शिडीची मतं डावीकडे, छत्रीची उजवीकडे लावत होती. शिडी ही मामांची निशाणी.

“बाई, एक विचारू?” जाळीतून आवाज आला.

“मोजणीबद्दल असेल तर विचारा.”

“तुम्ही प्रत्येक कागद नाकापाशी नेता. नंबर वाढलाय तुमचा.”

“इथे मतं मोजायला आलात की गिऱ्हाइकं शोधायला?”

“मतं मामांसाठी... गिऱ्हाईक माझ्यासाठी.”

तिने मान वर केली नाही. पण आपण कितीवर आलो होतो ते मात्र ती विसरली. आजवर आलेली स्थळं तिची उंची विचारून गेली, बदली कुठे होईल ते विचारून गेली. तिला नीट दिसतंय का, हे कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी निकाल लागला. मामा नऊ मतांनी पुढे! राज्यात दोन्ही बाजू समसमान येऊन ठेपल्या होत्या; सरकार कुणाचं, ते या एका जागेवर अडलं होतं. साहजिकच छत्रीवाल्यांनी फेरमोजणी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुन्हा त्याच जाळीच्या दोन बाजूंना येऊन बसले.

“आज झोप झालेली दिसतेय,” तो म्हणाला.

“गप्प बसा. आकडा चुकेल.”

शिडीचा तिसरा गठ्ठा तिनेच काल बांधलेला होता, वरच्या चिठ्ठीवर तिचीच सही. शिडी, शिडी, शिडी... छत्री. तिचा अंगठा थबकला. पुढे आणखी एक छत्री... आणखी एक... एकूण पाच.

पाच मतं इकडची तिकडे, म्हणजे दहाचा फरक. नऊने पुढे असलेले मामा एका मताने मागे! हे गणित तिला कागदावर मांडावं लागलं नाही.

छत्रीवाल्यांचा माणूस पाणी प्यायला उठला होता. पाहिलं होतं फक्त दोघांनी. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पार मावळलं होतं. आणखी एकदा बघितलं तर आपला हात उचलणार नाही, हे तिला कळून चुकलं. म्हणून तिने बघितलंच नाही. हात वर केला.

“साहेब, या गठ्ठ्यात चूक आहे. माझी.”

निवडणूक अधिकारी आले. पाठोपाठ मामांचे वकील तावातावाने आले. “ही चूक नाही, लबाडी आहे! बाईंनी आत्ता कागद बदलले!”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी गेलीच म्हणायची...

“बदलले नाहीत,” तो उठून उभा राहिला. “सकाळपासून मी त्यांच्या हातांवरची नजर हटवलेली नाही.”

“आणि काल?” अधिकाऱ्यांनी विचारलं. “काल ही चूक तुम्हाला कशी दिसली नाही?”

तो घुटमळला. कान लालबुंद झाले.

“काल... काल मी हातांकडे कमी आणि चेहऱ्याकडे जास्त बघत होतो.”

शेजारच्या टेबलावरचं मोजणं थांबलं. वकिलांच्या तोंडून ‘अरे!’ निघालं. ती मान खाली घालून गठ्ठ्याच्या कडा जुळवू लागली. त्या काही केल्या जुळेनात. त्याने मात्र फेरमोजणीच्या तक्त्यावर सही केली आणि पेन टेबलावर ठेवलं. मामा एका मताने पडले.

गर्दीतून तो निघून गेला, तो मागे न बघता.

पुढचे आठ दिवस तिला जड गेले. खुलासा मागणारी नोटीस आली. तिने एका ओळीत चूक कबूल केली. दुसऱ्यांचं सरकार आलं. बाजारात जायचं झालं तर ती मागच्या गल्लीने जायची.

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर ती वह्या तपासत होती, तर वर्गाच्या दारात तो उभा.

“मामा रागावले असतील ना?” तिने आधी तेच विचारलं.

“आठवडाभर बोलले नाहीत. मामी आम्हाला वेगवेगळं वाढत होती. काल म्हणाले, सरकार गेलं, खुर्ची गेली... आणि तू एका पोरीचा चेहरा बघत बसलास?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“हो म्हणालो.”

तिला हसू आवरेना. तो मात्र हसला नाही.

“हात वर करताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“वाटलं ना.” ती थांबली. “शिडीवर शिक्का मीही मारला होता.”

तो समोरच्या बाकावर, पोरासारखा, गुडघे कोंबून बसला.

“मामांनी निरोप दिलाय. म्हणाले, एका मताने पडलो ना? मग घरात तेवढं एक मत वाढव.”

व्हरांड्यात झाडू फिरल्याचा आवाज येत होता. ती लाल पेनाचं टोपण लावत होती, काढत होती.

“हे झालं मामांचं. तुमचं काय?”

“माझं... तुम्ही हात वर केलात ना, तेव्हा मामा पडले हे मला कळलं होतं. वाईट वाटत होतं. आणि तरी मनात येत होतं, हा हात जन्मभर आपल्या हातात असावा.”

तिने वही मिटली.

“येईन,” ती हळूच म्हणाली. “पण पुढच्या वेळी शिक्का कशावर मारायचा, ते मीच ठरवणार.”

“हे मामांना कोण सांगणार?”

“मीच सांगते. रविवारी घरी आहेत का ते?”