उजाडण्यापूर्वीचा जन्म

"एकनाड आहे. हे लग्न होणार नाही," कॉम्प्युटरवरून मान न वळवता देवेंद्रने सांगितलं आणि दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या लेकीच्या, आभाच्या, डोळ्यांत टचकन पाणी आलं... आत भाजी निवडत बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीचे, दुर्गाताईंचे, हात थबकले.

"पापा, एक बार फिर देख लीजिए ना."

"किती वेळा पाहू, बेटा? स्वानंदच्या आईनेच फोनवर सांगितलं, एरचला आजोळी जन्मला, सोमवारी पहाटे चारला."

ते शब्द ऐकताच दुर्गाताईंनी भाजी बाजूला सारली. जुन्या मराठी घरांत वार बदलतो तो उजाडल्यावर. सूर्योदयापूर्वी जन्मलेलं मूल आदल्या दिवसाचं धरतात. मशीनचा दिवस मात्र मध्यरात्रीच बदलतो. देवेंद्रने सोमवारची तारीख घातली होती, घालायला हवी होती मंगळवारची. याच चुकीने दुर्गाताईंचं उभं आयुष्य गिळलं होतं!

त्यांच्या तरुणपणी, हिंदी मुलखातल्या या गावच्या मानिक चौकात, त्यांच्या या धाकट्या भावाने कॉम्प्युटर कुंडलीचं दुकान नुकतंच थाटलं होतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत, फ्लॉपी सरकवली की करकरत कागद बाहेर येई आणि ते नवल पाहायला बबीन्याच्या छावणीतून फौजींची कुटुंबं येत. दुर्गाताईंचं लग्न ठरत आलं होतं. देवेंद्रने हौसेने पहाटे जन्मलेल्या बहिणीची पत्रिका मशीनवर काढली आणि निघालं मूळ नक्षत्र... सासऱ्याच्या जिवावर येणारं! वडिलांनी, बापूरावांनी, हाताने मांडलेल्या पत्रिकेत पूर्वाषाढा होतं, पण छापील कागदापुढे त्यांचं कोण ऐकणार? स्थळ मोडलं, मग दुसरं जुळलंच नाही. "मशीन चुकत नाही, बापू," असं देवेंद्र म्हणाला, आणि साऱ्या गावाच्या पत्रिका मांडणाऱ्या बापूरावांनी मिटलेलं पंचांग पुन्हा उघडलं नाही.

पुढे दुकानात मदत करताना दुर्गाताईंना चूक उमगली. पण त्याच दुकानाच्या नावावर देवेंद्रचं लग्न जुळत होतं... त्यांनी ओठ मिटून घेतले. "भैया, रात बारह के बाद का जन्म है क्या?" एवढं प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून त्या मुकाट्याने योग्य तारीख घालत राहिल्या. आता गुडघ्यांमुळे दुकान सुटलं होतं. आपल्या त्या गप्प राहण्याला त्या मनाशी त्याग म्हणत आल्या होत्या.

भिंतीचा आधार घेत त्या बाहेर आल्या. "देवेंद्र, मंगळवारची तारीख घाल."

का, तेही त्यांनी सांगितलं. देवेंद्रने कुरकुरतच तारीख बदलली. नाडी वेगळी निघाली. आभा आत्याच्या गळ्यात पडून रडू लागली, पण देवेंद्र हलला नाही. त्याने दुर्गाताईंची जन्मतारीख एक दिवस पुढची घातली. पूर्वाषाढा.

"ताई... तुला हे केव्हापासून ठाऊक होतं?"

"तुझ्या लग्नाआधीपासून."

"म्हणजे बापू होते तेव्हा?"

दुर्गाताईंची मान खाली गेली. इतक्या वर्षांचा तो त्याग आज त्यांना स्वतःलाच तोंड दाखवू देईना.

"होते रे. शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाले, पोरी, माझं गणितच कच्चं निघालं, कुणाकुणाचे संसार मी असे चुकवले असतील... आणि तरी मी गप्प राहिले. तुझं दुकान वाचवलं, आणि त्यांना खोटं ठरूनच जाऊ दिलं."

"चूक माझी होती, ताई!" देवेंद्रने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माझ्या पाया पडून काय होणार? स्वानंदच्या आईला फोन लाव. सगळं सांग. बापूंचंही."

क्षणभर तो घुटमळला. दुकानाच्या दारावर अजून त्याचंच नाव होतं. मग त्याने फोन लावला.

"वसुंधराजी, पत्रिका जुळते आहे. तारीख मीच चुकीची घातली. माझ्या बहिणीचीही अशीच घातली होती... आमचे बापू बरोबर होते."

"कोण बापू?" पलीकडून गोंधळलेला आवाज आला.

दुर्गाताईंनी फोन त्याच्या हातातून घेतला.

"आमचे वडील," त्या म्हणाल्या. "पत्रिका मांडायचे. त्यांचं गणित कच्चं नव्हतं."